कानातले रातकिडे

आमच्या सासूबाईंना रातकिडे ऐकू यायचे. तेही लोअर परळला, रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावरच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर! १९८६ साली मी लग्न होऊन त्या घरात आले. रात्री एकच्या सुमारास शेवटची लोकल गेली, की सासूबाई कूस बदलत पुटपुटायच्या, "झाले बाई सुरू." पहिल्यांदा मी भाबडेपणानं विचारलं, "काय सुरू झालं, आई?" तर म्हणाल्या, "रातकिडे. तुला नाही येत ऐकू?" मी कान टवकारून ऐकलं. कुठे नळ ठिबकत होता, शेजारचे काका घोरत होते. रातकिड्याचा पत्ता नव्हता.

पुढे 'आईंचे रातकिडे' हा घरातला विनोदच होऊन बसला. पाहुणे आले, की आमचे हे हमखास विचारायचे, "काय आई, आज किती वाजता येणार मंडळी?" सगळे हसायचे. त्याही हसायच्या. मात्र रात्री उशाशी ट्रान्झिस्टर लागायचाच. आकाशवाणीचं प्रसारण संपलं तरी बंद करायच्या नाहीत. नुसती खरखर चालू. मला सकाळी सातची शाळा. मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होते. त्यांचा डोळा लागला असं वाटलं, की मी हळूच उठून रेडिओ बंद करायची. पाच मिनिटांत त्या जाग्या व्हायच्या. "बंद नको करूस गं. तो थांबला की ते डोक्यात शिरतात." म्हातारपणाची लहर, असं मनाशी म्हणत मी उशी कानावर घ्यायची. २००९ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, सासूबाई गेल्या. रातकिड्यांचा विषयही त्यांच्याबरोबर संपला, असं आम्हाला वाटलं.

तो संपला नव्हता.

वीज गेली आणि...

२०१७ साली मी निवृत्त झाले आणि आम्ही तळेगावला राहायला आलो. आयुष्यभर लोकलच्या खडखडाटात झोपलेली माणसं आम्ही. इथली शांतता पहिले काही दिवस अंगावरच यायची. तरी रात्रभर पंख्याची घरघर असायची. मे महिन्यात एका रात्री वीज गेली. पंखा थांबला, फ्रिज थांबला, सोसायटीतला पाण्याचा पंप थांबला. आणि मला एक शिट्टी ऐकू येऊ लागली. बारीक, एकसुरी. पूर्वी दूरदर्शनचे कार्यक्रम संपले, की पडद्यावर रंगीत पट्टे यायचे आणि एक लांबलचक सूर लागायचा, तशी. फक्त त्याहून बारीक.

मी उठले. स्वयंपाकघरात जाऊन गॅस पाहिला. नळ घट्ट केले. गॅलरीत जाऊन उभी राहिले. शिट्टी माझ्याबरोबर सगळीकडे. शेवटी ह्यांना उठवलं. "अहो, तुम्हाला काही ऐकू येतंय?" हे झोपेतच म्हणाले, "तू बोलतेयस ते येतंय." मग मी दोन्ही कानांत बोटं घातली. आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढला! तेव्हा कळलं, की शिट्टी घरात वाजत नाही, माझ्यातच वाजते आहे.

त्यानंतरचे दोन महिने मी कुणाला सांगितले नाहीत, असे गेले. दिवसा कामाच्या रगाड्यात काही जाणवायचं नाही. अंथरुणाला पाठ टेकली, की मी त्या आवाजाची वाट पाहायची आणि तो यायचाच. मेंदूत गाठ असेल का? बहिरेपणाची सुरुवात असेल का? की वेड लागायची? शेजारच्या बाईंच्या सांगण्यावरून कानात कोमट तेल घालून पाहिलं. काही फरक नाही. मग एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कानात बॅटरी मारून पाहिलं, पाच मिनिटांत कागद हातात ठेवला आणि म्हणाले, "वयोमानानं होतं. याला उपाय नाही. सवय करून घ्या." घरी येईपर्यंत शिट्टी दुप्पट झाली होती. उपाय नाही, हे तीन तासांपूर्वी मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं होतं.

लेकीनं हट्ट धरला म्हणून पुण्याला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. कान-नाक-घशाच्या तरुण डॉक्टरीणबाई. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, आवाजबंद खोलीत बसवून श्रवणशक्तीची तपासणी करवली. वरच्या पट्टीतले सूर थोडे कमी ऐकू येत होते, बाकी कान वयाच्या मानानं उत्तम. मग त्या म्हणाल्या, "काकू, तुम्हाला एक प्रयोग सांगते. तो ऐकला की तुम्हाला एकटं वाटणार नाही."

ऐंशी माणसं आणि शांत खोली

तो प्रयोग १९५३ साली अमेरिकेत झाला. हेलर आणि बर्गमन या दोघा संशोधकांनी ८० माणसं निवडली. सगळी प्रौढ, प्रकृतीनं ठणठणीत, कानांनी उत्तम. कानात आवाज येतो, अशी एकाचीही तक्रार नव्हती. एकेकाला आवाजबंद खोलीत काही मिनिटं बसवलं आणि जे काही ऐकू येईल ते टिपायला सांगितलं. खोलीत ऐकण्यासारखं काहीच नव्हतं. तरीही त्यांतल्या ९४ टक्के लोकांनी काही ना काही आवाज ऐकल्याचं सांगितलं. कुणाला गुणगुण, कुणाला घूं घूं, कुणाला शिट्टी. कानात आवाज येतो म्हणून दवाखान्यात येणारे रुग्ण ज्या आवाजांची वर्णनं करतात, तसलेच हे आवाज होते. संशोधकांनी निष्कर्ष काढला, की असा बारीक आवाज बहुतेक सगळ्यांच्याच कानात असतो. भोवतालच्या गलक्यात तो बुडून गेलेला असतो, इतकंच.

पुढे असे प्रयोग आणखीही झाले. टक्केवारी प्रत्येक वेळी इतकी मोठी आली नाही, पण निम्म्याहून जास्त निरोगी माणसांना शांततेत काहीतरी ऐकू आलं, असं अनेकदा दिसलं. जॉन केज या अमेरिकन संगीतकाराची गोष्टही अशीच. १९५१ च्या सुमारास ते हार्वर्ड विद्यापीठातल्या प्रतिध्वनिरहित खोलीत गेले. संपूर्ण शांतता कशी असते ते त्यांना अनुभवायचं होतं. त्यांना दोन आवाज ऐकू आले, एक उंच आणि एक खालच्या पट्टीतला. तिथल्या अभियंत्यानं सांगितलं, की उंच आवाज तुमच्या मज्जासंस्थेचा आणि खालचा रक्ताभिसरणाचा. आज अनेकांना वाटतं, की तो उंच सूर म्हणजे केज यांच्या कानातली शिट्टीच असावी.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यांना हे चांगलं माहीत होतं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग सांगितले आहेत, त्यांत 'कर्णनाद' आहे. हठयोगाच्या ग्रंथांत तर कान बंद करून आतला नाद ऐकण्याची साधनाच सांगितली आहे. समुद्र, मेघ, घंटा, बासरी, भुंगा असे त्या नादांचे प्रकारही दिले आहेत. योग्यांचा नाद आणि आमची शिट्टी एकच, असं मी म्हणणार नाही. तो माझा अधिकार नव्हे. पण बाहेरचे आवाज थांबले, की माणसाला आतलं काहीतरी ऐकू येतं, ही गोष्ट या देशात नवी नाही.

शांत खोलीत पाच मिनिटं बसून ऐकू येणारा आवाज वेगळा आणि रोज, ध्यानीमनी नसताना येणारा आवाज वेगळा, हेही डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट केलं. या दुसऱ्या प्रकारच्या लोकांची मोजदाद २०२२ साली जगभरच्या पाहण्या एकत्र करून केली गेली. प्रौढांपैकी सुमारे १४ टक्के लोकांना कर्णनाद जाणवतो, असं त्यात आढळलं. म्हणजे ७४ कोटींहून अधिक माणसं! १८ ते ४४ वयाच्या लोकांत हे प्रमाण १० टक्के, ४५ ते ६४ मध्ये १४ टक्के आणि ६५ च्या पुढे २४ टक्के. यांपैकी १२ कोटींहून अधिक लोकांना, म्हणजे प्रौढांतल्या सुमारे दोन टक्क्यांना, त्याचा तीव्र त्रास होतो. मी हिशोब केला. आमच्या सोसायटीत दीडशे प्रौढ माणसं तरी असतील. त्या हिशोबानं वीसेक जण रात्री माझ्यासारखेच छताकडे पाहत असणार, आणि सकाळी जिन्यात भेटल्यावर पाणी आलं का, एवढंच विचारत असणार.

आवाज येतो कुठून?

आपल्या अंतर्कर्णात शंखासारखा वळलेला एक भाग असतो. त्यात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. ध्वनीच्या लहरींनी त्या हलतात आणि मज्जातंतूंमार्फत मेंदूला निरोप जातो. वयानं, मोठ्या आवाजानं, काही औषधांनी या पेशी मरतात. पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा उगवतात, माणसांत नाही. काही पेशी गेल्या, की मेंदूला त्या पट्टीतले निरोप येईनासे होतात. मग मेंदू काय करतो? स्टेशन नीट लागत नसलं की आपण रेडिओचं बटण पिळून आवाज मोठा करतो, तसंच. मग गाणं येत नाही, खरखर मात्र वाढते. कर्णनादाबद्दलचा आजचा एक प्रमुख विचार असा आहे.

याचा एक सुंदर पुरावा २०१२ साली प्रसिद्ध झाला. इंग्लंडमधल्या संशोधकांनी चांगले कान असलेल्या १८ जणांना एका कानात सात दिवस बोळा घालून राहायला सांगितलं. त्यांतल्या १४ जणांना नसलेले आवाज ऐकू येऊ लागले. बोळा काढल्यावर ते थांबले. म्हणून आपल्याकडे कानात मळ साचून दडे बसले, की आवाज येतो आणि मळ काढला की जातो, तो अनुभव खोटा नाही. (मळ डॉक्टरांकडून काढून घ्यावा, केसाच्या आकड्यानं नव्हे!)

पण मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला तो ब्राझीलमधला २००८ सालचा प्रयोग. ६६ निरोगी माणसांना शांत खोलीत पाच-पाच मिनिटांची तीन कामं दिली. पहिलं काम डोकं चालवायचं, चकत्यांचं कोडं सोडवण्याचं. दुसरं, उजेडाकडे पाहण्याचं. तिसरं, काही ऐकू येतं का याकडे लक्ष देण्याचं. कोडं सोडवताना जेमतेम २० टक्के लोकांना आवाज जाणवला. उजेड पाहताना ४५ टक्क्यांना. आणि कानाकडे लक्ष दिलं तेव्हा ६८ टक्क्यांना! खोली तीच, माणसं तीच, कानही तेच.

हे ऐकलं आणि माझे ते दोन महिने डोळ्यांसमोर आले. मी रोज रात्री परीक्षेला बसल्यासारखी त्या आवाजाकडे कान लावून पडत होते. मेंदूला एकदा वाटलं की हा धोक्याचा आवाज आहे, की तो त्यावर पहारा ठेवतो. पहारा ठेवला की आवाज मोठा वाटतो, आणि मोठा वाटला की भीती वाढते. 'उपाय नाही' हे दोन शब्द या चक्राला केवढी गती देतात, हे मी अनुभवलं होतं.

आवाज बंद करणारी गोळी आजही नाही. पण त्रास कमी करण्याचे उपाय आहेत. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्रानं पुष्कळांना फरक पडतो. मनातले भयाचे विचार ओळखून ते बदलायला शिकवणारी मानसोपचाराची पद्धत आहे, आणि त्रास कमी होण्याबाबत सर्वांत भक्कम पुरावा तिच्याच बाजूनं आहे. जाहिरातींतल्या जीवनसत्त्वांच्या आणि झाडपाल्याच्या गोळ्यांवर पैसे घालवू नका, असं अमेरिकेतल्या कानाच्या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१४ सालीच सांगून ठेवलं आहे. आणि रात्री संपूर्ण शांततेत झोपू नका, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मंद आवाजात काहीतरी चालू ठेवा. पंखा, पावसाचा आवाज, अगदी रेडिओची खरखर सुद्धा चालेल."

रेडिओची खरखर! मी त्यांच्यासमोर गप्पच झाले.

सासूबाई तरुणपणापासून १९८२ च्या संपापर्यंत गिरणीत, वायंडिंग खात्यात कामाला होत्या. यंत्रांच्या त्या धडधडाटात शेजारच्या बाईशी बोलायचं तर खुणा कराव्या लागत, असं त्या सांगायच्या. कानाला काही लावायची पद्धत नव्हती. इतकी वर्षं तो आवाज खाऊन त्यांच्या केसपेशींचं काय झालं असेल, हे सांगायला डॉक्टर नको. आणि कुणीही न सांगता त्यांनी आपला उपाय आपण शोधून काढला होता. तोच मी रात्री उठून बंद करत होते.

दिवाळीतली पाच मिनिटं

त्या दिवाळीत दीर, जाऊबाई, त्यांचा मुलगा, आमची लेक आणि जावई तळेगावला जमले होते. फराळ झाल्यावर मी सगळ्यांना आतल्या खोलीत बसवलं. पंखा बंद, फ्रिज बंद, मोबाइल बाहेर. "पाच मिनिटं बोलायचं नाही. मग काय ऐकलं ते सांगायचं." शास्त्रीय प्रयोग वगैरे नाही, आपली एक गंमत. ह्यांना घूं घूं ऐकू आली आणि ते चक्क दचकले. लेकीला काहीतरी बारीक सळसळ. दिरांना शिट्टी. जावईबापूंना स्वतःच्या हृदयाचे ठोके. जाऊबाईंना काहीच नाही, त्या हिरमुसल्या! पुतण्या मात्र काही बोलला नाही.

रात्री मी स्वयंपाकघर आवरत होते, तर तो दारात येऊन उभा राहिला. वय वर्षं एकोणीस. "काकू, मला पाच मिनिटं बसायला लागत नाही. मला सारखंच येतं. दोन वर्षं झाली." तो ढोल-ताशा पथकात वाजवतो. पहिल्या वर्षी विसर्जनाची मिरवणूक संपल्यावर कान बधिर झाले, शिट्टी वाजत राहिली. दुसऱ्या दिवशी थांबली. पुढच्या वर्षी थांबलीच नाही. "आईला सांगितलं असतं तर तिनं पथक बंद केलं असतं. आणि मित्रांना काय सांगू? आजीसारखे रातकिडे ऐकू येतात म्हणून?"

घरातला विनोद किती लांब पोचतो, पाहा. ज्या आजीची त्यानं पुरती आठवणही नीट साठवलेली नाही, तिच्या चेष्टेनं त्याचं तोंड दोन वर्षं बंद ठेवलं होतं.

त्याला घेऊन मी त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेले. तपासणीच्या आलेखात ४००० हर्ट्झच्या आसपास एक खळगा होता. मोठ्या आवाजानं कानाला इजा झाली, की तिथंच सहसा खळगा पडतो. गेलेलं परत येणार नाही, पण उरलेलं राखता येईल, असं त्यांनी त्याला समजावलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो. त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. मिरवणुकीत ढोलांच्या मधोमध उभं राहिल्यावर तो हिशोब काही मिनिटांतच संपतो. आता तो कानात बोळे घालून वाजवतो. सुरुवातीला पोरं हसली. गेल्या वर्षी त्यांतल्या चौघांनी त्याच्याकडून बोळे मागून घेतले.

केव्हा थांबू नये

कर्णनाद बहुधा निरुपद्रवी असतो, पण काही वेळा तो खरोखर इशारा असतो. आवाज एकाच कानात येत असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धप् धप् असा येत असेल, सोबत चक्कर किंवा चेहऱ्याला अशक्तपणा असेल, तर डॉक्टरांना दाखवलंच पाहिजे. आणि एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं, तर तेलबिल घालत न बसता त्याच दिवशी गाठावं, कारण त्यावरचे उपचार सुरुवातीच्या दिवसांतच जास्त उपयोगी पडतात. आवाजानं जगणं नकोसं वाटू लागलं असेल तरीही सांगावं. त्यालाही मदत आहे.

माझी शिट्टी अजून आहे. हे लिहिताना तिच्याकडे लक्ष गेलं म्हणून आज जरा मोठी वाटते आहे; उद्या विसरून जाईन. गेल्या पावसाळ्यात माळा आवरताना सासूबाईंचा ट्रान्झिस्टर सापडला. सेल घातले तर चालू झाला! तळेगावात त्यावर एकही स्टेशन धड लागत नाही, नुसती खरखर येते. तो आता माझ्या उशाशी असतो. परवा रात्री हे म्हणाले, "झोपलीस ना? बंद करू का गं?" मी म्हटलं, "राहू दे."

तुमच्याही घरात कुणी आजी-आजोबा, कुणी आत्या-मामा रात्री उगीच पंखा, टीव्ही, रेडिओ चालू ठेवत असतील. बंद करण्याआधी एकदा विचारा, की तुम्हाला काय ऐकू येतं? आणि ते जे सांगतील, त्यावर हसू नका. आम्ही हसलो होतो.